नांदेड व लातूर प्रांतांतील मशागत : नांगर, वखर आणि जमिनीची प्रत

जुन्या कागदपत्रांत 'नांगर' हा शब्द दोन अर्थांनीं येतो. एक अर्थ उघड आहे. बाभळीच्या लांकडाचें खोड, त्यास बसविलेला लोखंडी फाळ, रुमणें व जूं मिळून होणारें अवजार तो नांगर. दुसरा अर्थ हिशेबाचा आहे. अमुक गांवीं इतके नांगर चालतात असें कारकून लिहितो, तेव्हां तो अवजारें मोजीत नसून बैलांच्या जोड्या, म्हणजे औतें, मोजीत असतो. या दोन अर्थांची गल्लत झाली कीं वाचकाची अशी समजूत होते कीं पूर्वीं सर्व शेत दरसाल नांगरलें जात असे. गोदावरी-मांजरा खोऱ्यांतील काळ्या जमिनींत वस्तुस्थिति तशी नव्हती. तेथें वर्षानुवर्षें काम चाले तें वखराचें. नांगर शेतांत येई तो कांहीं वर्षांनीं एकदां, आणि तोहि विशिष्ट कारणासाठीं.

आज नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत ट्रॅक्टरचा नांगर व फिरत्या पात्यांचा रोटाव्हेटर खेडोपाडीं पोंचला आहे. उलट बाजूस, नांगर अजिबात लावूं नये असें सांगणारे प्रयोगशील शेतकरीहि आहेत. सरकारी कृषिखातें रुंद वरंबा व सरी यांचा पुरस्कार करीत आहे. अशा वेळीं आपल्या शेतास कोणती मशागत मानवेल हा प्रश्न शेतकऱ्यास दरवर्षीं पडतो, आणि त्याचें उत्तर चुकलें तर एका हंगामाचें पीकच नव्हे तर मातीहि जाते. या प्रश्नाचा निकाल लावण्यास जुन्या रीतीचा व जुन्या दप्तरांचा कांहीं उपयोग होतो काय, हें पाहण्याचा आम्हीं या लेखांत प्रयत्न केला आहे.

१. काळीचे भेद

गांवाच्या वस्तीची ती पांढरी व लागवडीची ती काळी, ही विभागणी महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. परंतु काळी ही एकजात नाहीं. या दोन जिल्ह्यांतील बहुतेक जमीन काळ्या बेसाल्ट दगडाच्या झिजेपासून झालेली आहे. गोदावरी, मांजरा, तेरणा, मन्याड या नद्यांच्या कांठीं ती पुरुषभर व त्याहूनहि खोल सांपडते. बालाघाटाच्या माथ्यावर, अहमदपूर, उदगीर, कंधार यांच्या बाजूस, उताराउतारानें तिची खोली कमी होत जाते व कित्येक ठिकाणीं वीतभर मातीखालीं मुरूम लागतो. उत्तरेस किनवट-माहूरकडे डोंगर व रान आहे. तेथील पट्ट्या निराळ्या. पूर्वेस देगलूर-बिलोलीकडे तेलंगणाची छाया पडते. मांजरा नदी लातूर जिल्ह्यांतून जाऊन शेवटीं तेलंगणाच्या सीमेवर कंदकुर्ती येथें गोदावरीस मिळते. एकाच नदीच्या वाटेवर असे अनेक प्रकारचे शिवार लागतात.

पावसाचें मानहि सारखें नाहीं. लातूरकडे सालीना सुमारें ७५० ते ८०० मिलिमीटर, नांदेडकडे सुमारें ९००, व किनवटच्या बाजूस त्याहून अधिक पाऊस पडतो. पण सालाच्या बेरजेपेक्षां पावसाची वांटणी महत्त्वाची आहे. जुलै-ऑगस्टांत दोन-तीन आठवडे उघडीप पडावी आणि सप्टेंबरांत एकाच दिवशीं शेतांत तळें व्हावें, हा येथील नेहमींचा अनुभव. म्हणजे एकाच हंगामांत ओल राखण्याची व पाणी काढून देण्याची अशी दुहेरी तजवीज मशागतीनें करावयाची असते.

खोल काळ्या मातीचा स्वभाव येथें सांगणें अवश्य आहे. तिच्यांत चिकणमातीचा अंश बहुधा निम्म्याच्या आसपास असतो, व ही चिकणमाती ओलीनें फुगणारी आणि वाळतांना आकसणारी अशा जातीची आहे. उन्हाळ्यांत हातभर व त्याहून खोल भेगा पडतात. वरील भुसभुशीत माती, काडीकचरा त्यांत पडतो. पावसानें माती फुगली कीं खालची माती वर ढकलली जाते. अशा रीतीनें ही जमीन वर्षानुवर्षें आपली उलथापालथ आपणच करीत असते. जें काम इतर देशांत नांगर करितो तें येथें निम्मेंशिम्में ऊन व पाऊस यांनींच केलेलें असतें. शिवाय ही माती दर मीटर खोलीस सुमारें २०० मिलिमीटर इतकी ओल पिकाच्या उपयोगास धरून ठेवूं शकते. पावसाळा संपल्यावर पेरलेली शाळू ज्वारी पुढें एक थेंबहि न पडतां पदरांत पडते, ती याच ओलीवर.

परंतु तिचा दोषहि तितकाच मोठा आहे. कोरडी असतां ती दगडासारखी, ओली असतां गाऱ्यासारखी. मध्यंतरीं जो थोडा काळ ती कामास योग्य असते त्यास वाफसा म्हणतात. वाफसा साधला तर हलक्या अवजारानें काम होतें. तो चुकला तर भारी अवजारानेंहि होत नाहीं, आणि ओलींत जबरीनें केलेली मशागत मातीची घडण बिघडवून ठेवते. मशागतीची कोणतीहि पद्धति घ्या, वाफशाचा नियम सर्वांवर लागू आहे.

२. अवजारें व त्यांचें प्रयोजन

या प्रांताचीं मुख्य अवजारें चार: नांगर, वखर, तिफण व कोळपें. लातूरच्या दक्षिण बाजूस वखराच्या जागीं कुळव हा शब्द व थोड्या निराळ्या घडणीचें अवजार आढळतें, काम एकच.

नांगर भूमि फाडतो. देशी लांकडी नांगर ती पालथी करीत नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. वखराची आडवी लोखंडी पास मातीखालीं दोन-तीन इंचांवरून सरकते, तण मुळापासून कापते, धसकटें सैल करिते व वर भुसभुशीत मातीचा एक पातळ थर ठेवते. हा थर खालच्या ओलीवर पांघरुणाचें काम करितो. भेगांचीं तोंडें त्यानें बुजतात व ओल उडून जाण्याची वाट बंद होते. पहिल्या पावसानंतर तण उगवूं द्यावें व वखराची पाळी घालून तें मारावें, पुन्हां उगवूं द्यावें व पुन्हां मारावें, अशा तीन-चार पाळ्या रब्बीच्या रानांत पडत. खरिपांत पड ठेवलेलें रान म्हणजे रिकामें पडलेलें रान, असा परक्याचा समज होई. वास्तविक त्या चार महिन्यांत तें रान तण गमावून ओल सांठवीत असे.

तिफण म्हणजे तीन फणांचें पेरणीचें अवजार. वर चाडें, त्यांतून निघणाऱ्या तीन नळ्या, व चाड्यावर मूठ धरून बीं सोडणारें माणूस, बहुधा घरची जाणती बाई. तिच्या मुठीच्या अंदाजावर एकरीं बियाण्याचें प्रमाण ठरे. विलायतेंत जेथ्रो टलनें पेरणीचें यंत्र १७०१ च्या सुमारास केलें व १७३१ सालीं ओळींतील कोळपणीचा पुरस्कार करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. दक्षिणेंतील शेतकरी ओळींत पेरणें व ओळींत कोळपणें हीं दोन्ही कामें स्वतंत्रपणें करीत होता. तिफणीच्या मागें सरतें धरून ज्वारीच्या अगर कपाशीच्या ओळींत तुरीची ओळ टाकणें हीहि त्याच कौशल्याची पुढची पायरी होय.

मग नांगराचें काम काय? तें मुख्यत्वें कुंदा व हरळी यांच्या पारिपत्याचें. कुंद्याचीं मुळें भारी जमिनींत इतकीं खोल जातात कीं वखराची पास त्यांच्या वरून निघून जाते. असें रान धरलें म्हणजे मोठा नांगर जुंपावा लागे. तो एका जोडीस ओढत नसे. तीन-चार जोड्या लागत. एवढे बैल एका घरीं क्वचितच असत, म्हणून शेजारी शेजाऱ्याकडे सावडीनें जाई. उन्हाळ्याच्या तोंडीं निघालेलीं मोठमोठीं ढेकळें वैशाखाच्या उन्हांत तापूं द्यावयाचीं, मुळें वेंचून जाळावयाचीं, व पुढें कांहीं वर्षें त्या रानास नांगर दाखवावयाचा नाहीं, अशी ही रीत होती. बैलांची शक्ति हा येथें हिशेबाचा आधार आहे. चांगला बैल आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा ओढा दिवसभर सोसतो. कंधारची लाल कंधारी व देवणीची देवणी या दोन नामांकित जाती याच दोन जिल्ह्यांतल्या; त्यांच्या जोरावर येथील वखरपाळी चालली. वखरास एक जोडी पुरते, खोल नांगरटीस पुरत नाहीं. तेव्हां गरज असेल तेथेंच नांगर, हा नियम अनुभवानें व शक्तीच्या मर्यादेनें दोन्ही बाजूंनीं ठरलेला होता.

३. औतावरील आकार व जमिनीची प्रतबंदी

आतां दप्तराकडे वळूं. शहाजहानाच्या कारकीर्दींत दक्षिणेंतील मोगली मुलखाचे जे सुभे झाले त्यांत तेलंगण नांवाच्या सुभ्याचें मुख्य ठाणें नांदेड होतें. औरंगजेब दुसऱ्यांदा दक्षिणेचा सुभेदार असतां, १६५३ पासून मुर्शिद कुलीखान हा बालाघाटाचा दिवाण झाला व पुढें त्यानें जमाबंदीची नवी व्यवस्था लाविली. त्यापूर्वीं दक्षिणेंत बहुतेक ठिकाणीं दर औतामागें ठराविक रक्कम घेण्याची वहिवाट होती; एका जोडीनें शेतकऱ्यास वाहवेल तेवढी जमीन वाहावी व हवें तें पीक घ्यावें, सरकार औतापुरतें घेई. मुर्शिद कुलीनें मागासलेल्या भागांत ही रीत राहूं दिली. इतरत्र त्यानें बटाई सुरू केली. कोरडवाहू पिकांत निम्मा, विहिरीवरील धान्यांत तिसरा, व ऊंस-द्राक्षांसारख्या पिकांत नवव्या हिश्शापासून चौथाईपर्यंत, असे सरकारी वांटे ठरविले. तिसरा प्रकार मोजणीचा, म्हणजे बिघ्यावर आकार बसविण्याचा.

या तीन पद्धतींचा मशागतीवर निरनिराळा परिणाम झाला असला पाहिजे असा आमचा तर्क आहे. औतावर आकार असतां जितकें अधिक रान एका जोडीखालीं येईल तितका शेतकऱ्याचा फायदा. म्हणून रुंद पासेचा वखर व उथळ काम यांस उत्तेजन मिळालें असावें. बिघ्यावर आकार आला म्हणजे थोड्या रानांत अधिक पिकविण्याकडे ओढा होतो. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. परंतु गांवोगांवच्या जमाबंदीच्या कागदांत औतांचा आंकडा व लागवडीचें क्षेत्र हीं दोन्ही एकत्र सांपडल्यास तो पडताळून पाहतां येईल. औत हें भांडवल होय ही जाणीव राज्यकर्त्यांसहि होती. शिवाजीमहाराजांनीं १६७६ सालीं प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेल्या पत्रांत, ज्या कुणब्यापाशीं माणूसबळ आहे पण बैल व बीजभांडवल नाहीं त्यास तें पुरवून कामास लावण्याची आज्ञा आहे, हें या मंडळाच्या वाचकांस सांगावयास नको.

पुढें निजामाच्या राज्यांत सालारजंगाच्या दिवाणगिरींत १८६५ सालीं जिल्हाबंदी झाली व त्यानंतर मराठवाड्यांत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी व आकारणी आली. ही धर्ती गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालानें निश्चित झाली होती. तिचें तत्त्व असें: शेताचे भाग पाडून प्रत्येक भागांत माती खणून खोली पाहावयाची, खोलीप्रमाणें जमिनीच्या ९ प्रती लावावयाच्या, पहिल्या प्रतीची किंमत १६ आणे धरली तर शेवटची २ आण्यांवर येई. उत्तम काळ्या जमिनीस पहिली प्रत मिळण्यास पावणेदोन हात खोली लागे. मग दोष वजा करावयाचे. चुनखडीचे खडे, वाळू, उतार, मातीचा सुटेपणा, पाणी न झिरपणें, पाण्याच्या लोंढ्यानें माती वाहून जाणें, झऱ्याच्या पाण्यानें अति ओल राहणें, अशा दोषांच्या खुणा ठरलेल्या होत्या, व प्रत्येक दोषास एक प्रत खालीं उतरे.

सारा वसूल करण्यासाठीं झालेली ही पाहणी होती. परंतु ज्या गोष्टी पाहून मोजणीदारानें प्रत लाविली, त्याच गोष्टी पाहून मशागत ठरवावयाची असते: खोली, पोत, उतार, चुनखडी, निचरा. म्हणून ज्या गांवाचीं प्रतबंदीचीं पत्रकें शाबूत आहेत, त्या गांवच्या शेतकऱ्यापाशीं आपल्या रानाची तपासणी आधींच करून ठेविलेली आहे असें म्हणतां येईल. मात्र दोन सावधगिरीच्या गोष्टी. सातबाऱ्यावरील आकार दोन निरनिराळ्या गांवांत तुलनेस घेऊं नये, कारण गांवाचा कमाल दर ठरवितांना पाऊसपाणी व बाजारपेठेची जवळीक हींहि धरलेलीं असत. एकाच गांवांतील दोन शेतांची तुलना मात्र उपयोगी पडते. दुसरें असें कीं शंभर-सव्वाशें वर्षांत उताराच्या रानाची माती वाहून गेलेली असते. जुन्या पत्रकांत हातभर लिहिलेली खोली आज वीतभर भरली, तर त्या दोहोंमधील अंतर हाच त्या रानाच्या मशागतीवरचा अभिप्राय होय.

४. लोखंडी नांगरापासून ट्रॅक्टरपर्यंत

हिंदुस्थानचा नांगर म्हणजे जमीन नुसती ओरखडणारें लांकूड, असें एकोणिसाव्या शतकांतील पुष्कळ युरोपीय लेखकांचें मत होतें. १८८९ ते १८९१ या काळांत देशभर फिरून १८९३ सालीं आपला अहवाल प्रसिद्ध करणारे डॉ. व्होल्कर यांनीं हें मत सरसकट मानलें नाहीं. येथील शेतकऱ्याच्या काळजीपूर्वक कामाची त्यांनीं तारीफ केली आणि सुधारणा सुचविण्यापूर्वीं स्थानिक कारणें पाहावीं असें प्रतिपादिलें. तथापि कुंदा व हरळी यांनीं धरलेल्या रानास चांगल्या नांगराची गरज होतीच. ती लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं ओळखली. १९०३ च्या सुमारास बेळगांवीं त्यांनीं लोखंडी नांगर तयार केला. प्रथम शेतकरी त्यास हात लावीना, कारण लोखंडानें जमीन नासते अशी समजूत होती. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली व पुढें हा नांगर दक्षिणेंत घरोघर गेला.

याच काळांत कोरडवाहू शेतीचे शास्त्रशुद्ध प्रयोग सुरू झाले. १९२३ सालीं पुण्याजवळ मांजरी येथें, व १९३३ नंतर सोलापूर, विजापूर, हगरी, निजामाच्या राज्यांतील रायचूर आणि पंजाबांतील रोहतक येथें केंद्रें निघालीं. निजाम सरकारचें परभणी येथील प्रयोगक्षेत्र त्यापूर्वींच, १९१८ सालीं, निघालें होतें. त्याच परभणीस १९७२ सालीं मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें, व २०१३ पासून तें वसंतराव नाईक यांच्या नांवें चालतें. सोलापूरच्या कामांतून जी 'मुंबई पद्धति' निष्पन्न झाली, व जिचें विवेचन ना. वि. कानिटकर यांच्या १९४४ सालच्या ग्रंथांत आहे, तिचीं अंगें अशीं: समपातळीचे बांध, तीन वर्षांतून एकदां नांगरट, शेणखत, वखराच्या पाळ्या, कमी बियाणें, रुंद ओळी व वारंवार कोळपणी. वाचकांच्या लक्षांत येईल कीं यांत बांध व ठराविक मुदतीची नांगरट सोडली तर बाकीचें बहुतेक जुन्या रीतीचेंच शोधन आहे. दरसाल नांगरावें असें शास्त्रानेंहि सांगितलें नाहीं.

अमेरिकेंत याच सुमारास विपरीत घडलें. गवताळ मैदानें नांगरून उघडीं केल्यावर १९३० नंतरच्या अवर्षणांत तेथील माती वाऱ्यानें उडून गेली, व १९४३ सालीं एडवर्ड फॉकनर यानें नांगरालाच दोषी ठरविणारें पुस्तक लिहिलें. विनानांगरटीच्या आधुनिक विचाराचें मूळ या अनुभवांत आहे.

मराठवाडा १९४८ सालीं हैदराबादच्या मुक्ततेनंतर भारतांत आला, १९५६ सालीं मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत सामील झाला. लातूर जिल्हा उस्मानाबादेपासून १९८२ सालीं निराळा झाला. १९७२ च्या दुष्काळानें कित्येकांचे बैल गेले. त्यानंतरच्या काळांत ट्रॅक्टर भाड्यानें मिळूं लागला, आणि १९९० नंतर ज्वारी, मूग, उडीद व कपाशी यांच्या रानांत सोयाबीन पसरलें. ज्वारी गेली तेव्हां कडबा गेला. कडबा गेला तेव्हां बैल संभाळणें अवघड झालें. बैल गेले तेव्हां वखर अडगळींत पडला. मशागतीची निवड यापुढें जमिनीच्या प्रतीवर न होतां भाड्याच्या यंत्राच्या फेरीवर होऊं लागली. ज्या दिवशीं ट्रॅक्टर गांवांत येईल त्या दिवशीं सर्व रानें नांगरावयाचीं, मग वाफसा असो वा नसो. रोटाव्हेटर वरची चार-पांच इंच माती पिठासारखी करितो व खालीं तीच खोली दरसाल दाबून कठीण थर बनवितो. पीठ झालेली माती पहिल्या जोराच्या पावसानें बसते, पाणी मुरत नाहीं, आणि उतारावर माती घेऊन निघून जातें. ज्या लातुरास एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून रेल्वेनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, त्या प्रांतांत पडणारें पाणी शेतांत मुरविणें हा मशागतीचा पहिला हेतु असावा हें सांगण्यास पंडिताची गरज नाहीं.

५. निवड कशी करावी

वरील विवेचनावरून एकच पद्धति सर्वांस सांगणें चूक ठरेल. जमिनीची खोली व घ्यावयाचें पीक हीं धरून आम्हांस जे प्रकार दिसतात ते असे.

(अ) खोल, सपाट काळी जमीन व खरिपाचें पीक. येथें धोका दुहेरी आहे. उघडिपींत ओल तुटते व अतिवृष्टींत मुळें कुजतात. हैदराबादेजवळ पाटनचेरू येथें १९७२ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें अशा जमिनीसाठीं रुंद वरंबा व सरी यांची पद्धति बसविली. मुळांत दीड मीटरच्या अंतरांत सुमारें एक मीटर वरंबा व अर्धा मीटर सरी, आणि सरीस अगदीं थोडा उतार. वरंबे कायम ठेवावयाचे, मशागत त्यांच्याच माथ्यावर करावयाची. तेथें १९७६ पासून चाललेल्या प्रयोगांत या पद्धतीनें, सुधारलेलें बियाणें, खत व दोन पिकें यांसह, हेक्टरीं सुमारें पांच टन धान्य आलें. खरिपांत पड ठेवण्याच्या जुन्या रीतीनें सुमारें एक टन. वाहून जाणारी मातीहि साडेसहा टनांच्या ठिकाणीं दीड टनांवर आली. या फरकाचें सारें श्रेय एकट्या मशागतीस देणें योग्य नाहीं, पण निचऱ्यावांचून बाकीचें साधलें नसतें. नांदेड-लातूरच्या सोयाबीन व तुरीच्या खोल रानास ही पद्धति मानवण्यासारखी आहे. नांगरट तीन वर्षांतून एकदां, पीक निघाल्यावर. मधल्या वर्षीं वखर अगर त्याच्या जातीचें उथळ यंत्र पुरे.

(आ) खोल काळी जमीन व रब्बी ज्वारी, करडई अगर हरभरा. पावसाळ्यांत रान मोकळें असेल तर प्रत्येक वाफशास वखराची पाळी द्यावी, व उतार थोडा असेल तेथें लहान लहान बंदिस्त वाफे करून पाणी जागच्या जागीं मुरवावें. ज्वारी पेरल्यावर तीन कोळपण्या: तिसऱ्या आठवड्यांत फटीच्या कोळप्यानें, पांचव्यांत अखंड पासेच्या कोळप्यानें, व आठव्यांत, जमीन भेगाळूं लागली असतां, दांतेरी कोळप्यानें. शेवटच्या पाळीनें तण फारसें निघत नाहीं. भेगा बुजतात, हाच तिचा उपयोग. सोयाबीन काढून लगेच हरभरा घ्यावयाचा असेल तर मात्र मशागतीचा मोह टाळावा. त्या वेळीं रान उलथणें म्हणजे सांठलेली ओल वाऱ्यावर सोडणें होय. धसकटें तशींच ठेवून सरळ पेरणी करणें श्रेयस्कर.

(इ) मध्यम जमीन, हात-दीड हात खोल. येथें दरसालची नांगरट नुकसानीची. उतारास आडवा वखर, आडवी पेरणी, व पेरणीनंतर महिन्याभरांत दर तीन-चार ओळींनंतर एक सरी काढणें, एवढ्यानें पाणी धरलें जातें. तूर ओळींत असेल तर तिचीं खोल मुळें नांगराचें काम कांहीं अंशीं करितात.

(ई) बरड, मुरमाड, वीतभर मातीची जमीन. अशा रानांत पालथा नांगर घातला तर मुरूम वर व माती खालीं जाते, आणि कमाई होते ती दगडांची. येथें जितकी कमी हालचाल तितकी माती टिकते. रायगड जिल्ह्यांतील नेरळ येथें भातासाठीं निघालेल्या सगुणा पद्धतींत कायम गादीवाफे ठेवून नांगरट वर्ज्य करितात व मागील पिकाचीं मुळें जमिनींत कुजूं देतात. तिचा प्रसार पुढें मराठवाड्यांतहि झाला आहे. हलक्या जमिनीस हा मार्ग तर्कास धरून आहे. अडचण दोन ठिकाणीं येते. नांगर-वखर नाहीं तर तणाचा बंदोबस्त तणनाशकावर पडतो. आणि जमिनीवर झांकण म्हणून ठेवावयाचा काडीकचरा हाच गुरांचा चारा असतो. ज्याच्या दावणीस जनावर आहे त्यास हा सवाल आधीं सोडवावा लागेल.

(उ) तणानें धरलेलें रान. कुंदा असेल तर खोल नांगरट व उन्हाळ्याचें ऊन यांस पर्याय नाहीं. येथें ट्रॅक्टरनें शेतकऱ्याचे खरे उपकार केले आहेत, कारण चार जोड्यांचें काम तो एकटा करितो. हरळीस नांगरटीबरोबर वेंचणीहि हवी. लव्हाळ्याच्या बाबतींत मात्र रोटाव्हेटर शत्रूस मदत करितो. गांठी तुटून, विखुरून, सर्व रानभर लागवड होते.

(ऊ) कालव्याखालील भारी रान. गोदावरी व मांजरेच्या प्रकल्पांखालीं ऊंस वगैरे पिकांचीं रानें वर्षभर ओलीं राहतात. तेथें ओलींत यंत्र घालणें हें जमीन चोपण होण्याचें एक कारण आहे. प्रथम चर काढून निचरा, मग मशागत, हा क्रम सोडूं नये.

या सर्वांत शेतकऱ्याची ऐपत हा निराळा प्रकार नसून प्रत्येक प्रकारांत शिरणारी अट आहे. ज्यापाशीं स्वतःची जोडी आहे तो वाफसा पाहून काम करूं शकतो. ज्यास भाड्याच्या यंत्राची वाट पाहावी लागते त्यानें कमी फेऱ्यांची पद्धति पत्करणें शहाणपणाचें. रुंद वरंब्याची मूळ पद्धति उत्तम असूनहि पहिल्या काळांत ती संपूर्णपणें थोड्यांनींच उचलली, याचें कारण तिचें बैलांनीं ओढावयाचें चाकांचें अवजार सामान्य शेतकऱ्याच्या खरेदीबाहेरचें होतें. आज ट्रॅक्टरनें चालणारें वरंबा पेरणी-यंत्र भाड्यानें मिळूं लागल्यावर तीच पद्धति पसरत आहे.

६. उपसंहार

जुनें तें सर्व सोनें असें आमचें म्हणणें नाहीं. वखराच्या रीतीनें ओल राखली, पण उताराच्या रानांतील माती तिनेंहि वाहूं दिली. बांधांची व निचऱ्याची जोड तिला शास्त्रानें दिली. तसेंच यंत्र हें शाप आहे असेंहि नाहीं. आक्षेप आहे तो जमिनीची प्रत न पाहतां एकच अवजार सर्व रानांत दरसाल फिरविण्यास. मोजणीदारानें शेतांत खणून माती पाहिली व मगच आंकडा लिहिला. फाळ लावण्यापूर्वीं शेतकऱ्यानेंहि तसेंच एक हात खणून पाहावें. खणतांना खोली किती, कठीण थर कोठें, मुळें कोठवर गेलीं व चुनखडी कोठें लागते, या चार गोष्टी दिसल्या कीं वरील प्रकारांपैकीं आपला कोणता हें सहज ठरेल.

मंडळाच्या कार्याशीं संबद्ध अशी एक सूचना करून हा लेख पुरा करितों. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील खेड्यांत वखर, कुळव, चाडीं, सरतीं, कोळपीं हीं अवजारें आज माळ्यावर अगर परसांत पडलेलीं आहेत, व तीं घडविणारे सुतार-लोहार झपाट्यानें कमी होत आहेत. प्रत्येक अवजाराचें माप, लांकडाची जात, पासेची रुंदी, स्थानिक नांव आणि तें कोणत्या प्रतीच्या रानांत चाले ही माहिती गांववार टिपून ठेवावी. शक्य तेथें प्रतबंदीचीं पत्रकें तिच्याशीं ताडून पाहावीं. ताम्रपट व बखरी जपणाऱ्या संशोधकांनीं या कामास उशीर करूं नये. पासेच्या रुंदींत व फणांच्या अंतरांत या जमिनीविषयींचें पिढ्यान्‌पिढ्यांचें ज्ञान सांठलेलें आहे, आणि तें वाचून दाखविणारे वृद्ध शेतकरी अद्याप हयात आहेत.